मिठाचा शेक

आतून कडी होती. न्हाणीघराच्या दाराशी मी उभी, आणि आत बादलीत पाणी पडल्याचा आवाज नाही. पाणी न घेता बाई इतका वेळ न्हाणीघरात करते काय? दार उघडलं तेव्हा माझी सून राजनंदिनी कमरेत वाकून, पदर पोटाशी घट्ट धरून, माझ्या बाजूनं निघून गेली. मी मोरीत बघितलं. तांबूस पाणी होतं. वरून तांब्याभर पाणी ओतूनही ते पुरतं वाहून गेलं नव्हतं.

मी काही दुधखुळी नाही. वडीगोद्रीच्या रस्त्यावर चहाचं हॉटेल चालवण्यात माझा जन्म गेला. बसमधून उतरणारं गिऱ्हाईक चहा पिणार की नुसतंच पाणी मागणार, ते मला त्याच्या चालीवरून कळतं. आणि घरातली सून माहेरी जाते म्हणून जाते अन् म्हातारीसारखी वाकून परत येते, ते कळणार नाही?

मच्छिंद्र, माझा मुलगा, म्हणाला की तिच्या गर्भपिशवीत गाठ होती, शहरात नेऊन पिशवीच काढून टाकली. एवढं बोलून जो मूग गिळून बसला तो बसलाच. गाठ होती तर आईला आधी का नाही सांगितलं? गोळ्या कपाटात कुलपात कशाला? साडीखालून एक नळी डोकावते ती कसली? कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, जाताना तिला पोट होतं, येताना नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती, ती जन्मताच गेलेली. त्यानंतर पुन्हा दिवस राहिले नाहीत, पण पोट तसंच राहिलं, ढिलं आणि पुढं आलेलं. मी वेडी दर खेपेला आशेनं त्याच्याकडे बघायची. अलीकडे तर ती सैल गाऊनच घालत होती. म्हणजे या वेळी खरंच दिवस होते आणि ही ते पाडून आली, असं माझ्या मनानं घेतलं. माझं नातवंड, आणि मला विचारलंसुद्धा नाही! अंगाची नुसती लाही होत होती.

पण राग वेगळा आणि रीत वेगळी. कच्च्या बाळंतपणालाही शेक लागतो. शिवाय शेकाच्या निमित्तानं तिचं पोट तरी बघायला मिळेल, हेही मनात होतंच. दुपारी मच्छिंद्र हॉटेलवर असताना मी खडेमीठ तव्यावर तापवलं, फडक्यात बांधलं आणि तिच्या पलंगाशी गेले. ती गुडघ्यांखाली उशा घेऊन पडली होती.

"गर्भपिशवी काढली ना? मंग शेक पाह्यजे," मी म्हणाले.

तिनं दाराकडे बघितलं. नाही म्हणायची सोय नव्हती. पोटावरचा रुंद पट्टा तिनं सैल केला आणि चादर वर ओढून घेतली. कपड्यावरूनच द्या, म्हणाली.

पुरचुंडी इतकी गरम होती की मला पदरानं धरावी लागत होती. तिच्या कपाळावर मात्र आठी नाही. भाजतंय का विचारलं तर नाही म्हणाली. मला वाटलं, काय कोडगी बाई आहे! जीव गेला तरी खरं बोलायची नाही. खोटं कशाला सांगू, मी पुरचुंडी दाबून धरली. ओरडेल आणि कबूल करेल, असं वाटत होतं. ती छताकडे बघत पडून राहिली.

शेवटी मीच पुरचुंडी उचलली. चादर बाजूला केली. ओटीपोटावर टम्म फोड आला होता. आणि त्याच्याखाली या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाक्यांची लांब रेघ होती. बेंबीसुद्धा भोवतीनं शिवलेली. बाजूनं ती नळी बाहेर आलेली, तिच्यात मोरीत दिसलं तसलंच तांबूस पाणी. पोट पाडायला कोणी एवढं कापत नाही.

"हे काय गं केलंस?"

तिनं मान उचलून फोड बघितला, तेव्हा कुठं तिला कळलं. "तितं मला काईच लागत न्हाई, आत्याबाई. चमडी बधिर झाली. डाक्टरनं सांगितल्तं, गरम बिलकुल लावायचं न्हाई."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? नटायसाठी पोट कापलं, म्हनल्या असत्या तुम्ही." तिनं चादर पुन्हा पोटावर ओढली. "चहाचा कप हातात देयाचा, अन् बाया इचारायच्या, कितवा म्हईना? पाच वर्सं, आत्याबाई. लेकरू मेलं, अन् त्याचं पोट मी मिरवून राह्यले. मंग जास्तीची चमडी काढून घेतली, आतून शिवून घेतलं."

म्हणाले असते. अगदी तेच म्हणाले असते. मी तिच्या पायाशी बसले आणि रडले.

मच्छिंद्रनं गाडी करून तिला परत शहरात नेलं. डॉक्टर माझ्यावर रागावले, ते बराबरच होतं. टाके सुकले तरी भाजल्याची जागा काही लवकर भरेना. आता ड्रेसिंग मी करते. साबणानं हात धुते, फोड फोडत नाही, पट्टा चुणी न पडता बांधते. माझा संशयी स्वभाव जाणार कुठं? निघालेली पट्टी उजेडात नेऊन बघते, नाकाशी धरते, पू तर नाही ना. न्हाणीघराला ती आता आतून कडी लावत नाही.

परवा ती ऑपरेशननंतर पहिल्यांदा हॉटेलवर आली. अजून जराशी वाकूनच, पण उभी. बसमधून कुंभार पिंपळगावची एक बाई उतरली. माहेरी जाता-येता ती आमच्याकडे चहा घेते. तिनं राजनंदिनीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसून मला म्हणाली, "झाली वाटतं मोकळी. काय झालं, पोरगा का पोरगी?"

मी गाळणी कपावर ठेवली. काही बाही सांगून वेळ मारून नेता आली असती.

"पोरगी," मी म्हणाले.

"लक्ष्मी आली! नाव काय ठुलं?"

त्या लेकराला आम्ही तसंच मातीला नेलं होतं, नावबिव काही ठेवलंच नव्हतं.

"ईश्वरी," मागून राजनंदिनी म्हणाली.

पाच वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. छान आहे, म्हणाली बाई. चहा पिऊन ती बसकडे गेली. मी दुसरा कप भरला आणि राजनंदिनीपुढं ठेवला.