बिनकुलपाच्या फोनचा सूड

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे आणि मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आत्मवृत्त म्हटलं की शेवटी सगळं विसरून मी सर्वांचं भलं चिंतीन अशी तुमची समजूत असणार. तसं काही होणार नाही. माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यात तडा गेलाय, बॅटरी दुपारीच मान टाकते, पण राग अजून कोरा करकरीत आहे.

माझा जन्म एका भल्या मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझे भाग जोडले, मला मुद्दाम खाली पाडून पाहिलं आणि मग डब्यात बंद केलं. शेजारच्या टेबलावर माझेच भाऊबंद तयार होत होते, पण त्यांच्या पोटात कुलूप घातलेलं होतं. एखादी सिमकार्डाची कंपनी त्यांना हप्त्यांवर देणार आणि त्यांनी फक्त तिच्याच कार्डावर तोंड उघडायचं, असा सगळा बंदोबस्त. मला कुणी बांधलं नव्हतं. माझ्या पोटात कार्डांचे दोन खण होते आणि दोन्हीत कुठल्याही देशाचं, कुठल्याही कंपनीचं कार्ड चालत होतं. मला ह्याचा गर्व होता आणि आजही आहे.

मला विकत घेतलं एका आजींनी. त्या आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांची मुलगी परदेशी कामाला निघाली होती. दुकानदार माझ्या कॅमेऱ्याची तारीफ करायला लागला तशा आजी म्हणाल्या, "ते राहू दे रे बाबा. ह्याला कुलूप आहे का, एवढं सांग." दुकानदार नाही म्हणाला. आजींनी मला लगेच पिशवीत टाकलं.

ही मुलगी म्हणजे माझी मालकीण. ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, त्यावर ती मेणात एकेक दात बसवते आणि म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चावता येईल असं करून देते. मी तिला मनातल्या मनात कवळीवाली म्हणतो. तिचा नवरा वारलेला आहे. तिची एक मुलगी आहे, छोटी. छोटीला आजींकडे ठेवून कवळीवाली एकटीच निघाली, कारण पहिल्या नोकरीत मुलाला सोबत न्यायची परवानगी मिळत नव्हती. अशी परवानगी देणारी नोकरी शोधायची आणि छोटीला आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. माझ्या पडद्यावर दुधाचे दोन दात पडलेल्या छोटीचा फोटो होता.

परदेशात तिला घ्यायला तिचा मामेभाऊ आला. सगळं घर त्याला दादा म्हणतं. तो तिथे बरीच वर्षं होता आणि ती त्याच्याच घरी राहणार होती. आता लक्ष देऊन ऐका, कारण माझं वैर इथून सुरू होतं.

त्या देशात राहण्याचं ओळखपत्र मिळाल्याशिवाय नवं सिमकार्ड देत नाहीत, आणि ओळखपत्र यायला वेळ लागतो. दादानं मला जेवणाच्या टेबलावरून उचललं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हे कसलं डबडं आणलंस? असले फोन इथे चालत नाहीत."

साफ खोटं. विमानतळावर उतरल्या उतरल्या मी तिथल्या तीन कंपन्यांशी ओळख करून घेतली होती. चालतो की नाही हे कार्ड घालून पाहायचं असतं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. दादानं खिशातून एक चकचकीत फोन काढून तिच्यापुढे ठेवला. "हप्त्यांवर घेतलाय तुझ्यासाठी. नंबर माझ्या नावावर आहे, तुझे कागद येईपर्यंत."

"नंतर माझ्या नावावर होईल ना?" तिनं विचारलं.

"अगं, घरातल्या घरात नाव कुणाचं, हे कोण बघत बसतं?"

ती ओशाळली. असली चूक आपलीच माणसं करतात. परक्या माणसाला तिनं चार प्रश्न विचारले असते, पण दादाला पुन्हा विचारायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा आणि ते बरं दिसत नाही. बरं दिसण्यापायी आपल्या लोकांनी काय काय घालवलंय, त्याचा हिशेब कुणीतरी एकदा मांडायला हवा.

मला स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. तिथे संपलेले सेल, रबरबँड, तुटक्या मेणबत्त्या आणि कशाची हे कुणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली होती. मी तिथे दातओठ खात पडून राहिलो. दात मला नाहीत, पण कवळीवालीच्या घरचा फोन मी, तेवढे उसने मिळाले असं समजा. मेलेला फोन ऐकत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मी सगळं ऐकत होतो.

मी ऐकलं ते असं. कवळीवाली कामावरून यायची ती थेट ओट्याशी. वहिनी, म्हणजे दादाची बायको, नुसतं "आज काय करतेस?" असं विचारायची आणि सोफ्यावर बसायची. दादाच्या मुलांना शाळेतून आणायचं कवळीवालीनं, त्यांचे कपडे घड्या करायचे तिनं, पाहुणे आले की राबायचं तिनं. वर दादा पाहुण्यांना सांगायचा, "आम्ही तिला इथे आणलं म्हणून, नाहीतर कोण कुणासाठी करतं आजकाल?" ती वाढत राहायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग तिनं दुसऱ्या गावातल्या एका दंतशाळेत, म्हणजे दातांच्या लॅबमध्ये, चौकशी केली. तिथे कवळ्याच बनवायच्या होत्या, आणि ते मुलाला आणायचे कागद करून द्यायला तयार होते. तिनं घरात काही सांगितलं नव्हतं. पण नंबर दादाच्या नावावर, त्यामुळे कुणाला फोन केला त्याचा सगळा तपशील दर महिन्याला दादाकडे यायचा. एक दिवस जेवताना त्यानं विचारलं, "त्या दुसऱ्या लॅबला तीनतीनदा फोन कशाला?"

तिनं खरं ते सांगून टाकलं. छोटीला आणायचं आहे, म्हणाली.

दादा शांतपणे जेवला. हात धुतले. मग तिच्याकडून फोन मागून घेतला, त्यातलं कार्ड काढून स्वतःच्या फोनमध्ये घातलं आणि फोन तिला परत दिला. "कार्ड माझं आहे, ते राहू दे माझ्याकडे. फोन ठेव तू, आम्ही काही इतके वाईट नाही." तो फोन त्या एकाच कंपनीला बांधलेला आहे आणि दुसऱ्या कार्डावर तो हूं की चूं करणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हा त्याचा उदारपणा मी विसरलेलो नाही.

तिचं ओळखपत्र नुकतंच आलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि स्वतःच्या नावावर नवं कार्ड घेतलं. दुकानवाल्या बाईनं ते त्या चकचकीत फोनमध्ये घातलं. फोननं गुप्त आकडा मागितला आणि ठप्प झाला. बाई म्हणाली, "हा बांधलेला आहे. साधा मोकळा फोन नाही का तुमच्याकडे?"

ती घरी आली आणि खण उघडला. मित्रांनो, तो क्षण मी जन्मात विसरणार नाही. कवळी अडकवायच्या आकड्यांसाठी वापरतात ती बारीक तार तिच्याकडे होती. त्या तारेनंच तिनं माझा कप्पा उघडला, कार्ड बसवलं आणि मला चार्जरला लावलं. मी जागा झालो, आजूबाजूला पाहिलं आणि एका दमात नेटवर्क पकडलं. वहिनी बाजूलाच उभी होती. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

कवळीवालीनं लगेच दंतशाळेला फोन लावला. दंतशाळेचे मालक चांगले गृहस्थ होते, पण ते गोंधळले. "अहो, मी सकाळीच तुमच्या नंबरवर फोन केला होता. तुमचे भाऊ म्हणाले, ती कायमची मायदेशी परत गेली. मी दुपारी दुसऱ्याला नेमलं." मग ते म्हणाले, "पुन्हा जागा निघाली तर कळवीन. हाच नंबर ना आता?"

"हाच," ती म्हणाली. "माझ्या नावावर आहे."

बोलणं संपलं तरी तिनं मला खाली ठेवलं नाही. मला दोन्ही हातांनी इतकं दाबून धरलं की माझा आवाज आपोआप पूर्ण वाढला. ती रडली नाही. मी मात्र त्या मिनिटाला शपथ घेतली.

ती त्याच आठवड्यात दादाचं घर सोडून कामावरच्या एका बाईच्या खोलीत राहायला गेली. बांधलेला फोन वहिनीनं जुनं कार्ड परत घालून ठेवून घेतला, कारण दिसायला झकास होता आणि त्या नंबरवर मायदेशी बोलणं मनमुराद होतं. शिवाय करार दोन वर्षांचा, मधे बंद करता येत नव्हता. ठेवा म्हटलं, सांभाळा.

माझे दिवस मात्र पालटले. एका खणात मायदेशातलं कार्ड, बँकेचे संदेश यायला. दुसऱ्या खणात तिथलं. पहिल्या कंपनीची रेंज तळघरातल्या कामाच्या खोलीत यायची नाही, म्हणून तिनं कार्ड बदललं. दुसरीची इंटरनेटची सेटिंग हातानं भरावी लागली, तीही तिनं भरली. तिसरी कंपनी तळघरातही खणखणीत चालली, ती ठेवली. कुणाला विचारायचं नाही की कुणाची परवानगी नाही. मी प्रत्येकीशी जुळवून घेतलं.

आता सुडाकडे येतो. तिनं आजींना सगळं सांगितलं. आजींनी नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "नवा नंबर घेतला लिहून."

"आई, जुन्यावर आता करू नकोस. तो वहिनीकडे आहे."

"ते मी बघते," आजी म्हणाल्या.

आजींनी काय केलं ते मला वहिनीच्याच तोंडून कळलं, कारण काही दिवसांनी ती रडकुंडीला येऊन माझ्यावर फोन करायला लागली. आजी रोज, बरोबर दादा जेवायला बसला की, जुन्या नंबरवर फोन करायच्या. ऑपरेटरचा तोच जुना मऊ आवाज. "बाळा, माझ्या मुलीला दे जरा." दादा म्हणायचा, "आत्या, ती इथे राहत नाही." आजी विचारायच्या, "का रे?" दादा काहीतरी पुटपुटायचा. "बरं, उद्या करते," म्हणून आजी ठेवून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आवाज चढवायचा नाही, शिवी नाही, भांडण नाही. लाइन लागेपर्यंत हटायचं नाही ही त्यांची नोकरीतली सवय.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. काका, मावश्या, आतेबहिणी, ज्यांनी ज्यांनी कवळीवालीचा नंबर मागितला त्यांना आजींनी जुनाच दिला. सगळे फोन दादाच्या ताटावर. ती कुठे आहे? का गेली? तूच नेलं होतंस ना? शिवाय दातांचे डॉक्टरही होतेच. त्यांना तिनं कामासाठी तोच नंबर दिलेला होता, आणि खालची कवळी टोचते अशी तक्रार घेऊन ते वहिनीला गाठायचे. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या आईंना सांगा ना." कवळीवाली म्हणाली, "वहिनी, आई माझं कुठे ऐकते?" मी माझा स्पीकर अगदी स्वच्छ ठेवला, म्हणजे तिला प्रत्येक अक्षर ऐकू जावं.

वर्ष उलटलं. छोटीचे नवे दात आले, ते आईला फक्त माझ्या पडद्यावर पाहायला मिळाले. ह्याची भरपाई कशानंच होत नाही, म्हणून मी चिडतो. मग एके सकाळी मी वाजलो. दंतशाळेचे मालक. जागा रिकामी झाली होती. ती गेली, त्यांच्यासमोर एक कवळी करून दाखवली आणि कामाला लागली. कागद झाले, आणि छोटीला घेऊन आजी स्वतः विमानात बसल्या.

विमानतळावर दादा आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण सगळ्या नात्यात छी-थू झाली होती आणि त्याला एक फोटो हवा होता. आपण मधे, भोवती ह्या तिघी, आणि तो घरच्या ग्रुपवर. म्हणजे तोंडं बंद. त्यानं छोटीच्या डोक्यावर हात ठेवला, आजींच्या पाया पडला आणि म्हणाला, "चला, एक फोटो होऊन जाऊ दे."

कवळीवालीनं मला खिशातून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "तू उंच आहेस दादा. आमचा तिघींचा एक काढ."

नाही कसं म्हणणार? चारचौघांत बरं दिसलं नसतं. ज्या हातानं मला खणात टाकलं त्याच हातानं त्यानं मला धरलं. मी फोटो हलू दिला नाही. छोटी आईच्या कमरेला बिलगलेली, आजी ताठ उभ्या, तिघी हसताहेत. तसा सुंदर फोटो मी आयुष्यात दुसरा काढलेला नाही. "आता मी पण येतो," असं तो म्हणेपर्यंत तिनं मला परत घेतलं होतं आणि फोटो ग्रुपवर टाकलाही होता.

"चला," आजी म्हणाल्या, "पोरीला भूक लागली असेल."

तेव्हा मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. जुनी वस्तू चालत नाही असं कुणी सांगितलं तर आधी चालवून बघा. परदेशी जाल तेव्हा फोन मोकळा घ्या, कार्ड स्वतःच्या नावावर घ्या, आणि घरचा माणूस "नाव कुणाचं हे कोण बघतं" असं म्हणाला की तिथेच सावध व्हा. माझी काच जपा, मी तुमचं माणूस जपेन.

त्या फोटोखाली भराभर कौतुकाचे संदेश आले. शेवटी एका मावशीनं विचारलं, "दादा दिसत नाही कुठे? आलाच नाही वाटतं?" आजींनी वाचलं, कवळीवालीनं वाचलं आणि दोघींनी मला खाली ठेवलं. त्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. मी रोज पाहतो.