हाउप्ट म्हणजे मोठं

रिफतला जर्मन भाषेतला एक शब्द मात्र पक्का ठाऊक होता : हाउप्ट. हाउप्ट म्हणजे मुख्य, सगळ्यांत मोठं. परदेशातून कामाला आल्यापासून नऊ वर्षं तो हॅनोव्हरच्या हाउप्टबानहोफवर आगगाडीचे डबे धुवत होता, आणि त्याहून मोठं स्टेशन अख्ख्या शहरात नव्हतं. त्यामुळे चौथीच्या एलरब्रोकबाईंनी कागद पुढे सरकवून, त्याच्या मुलीसाठी, शेनयसाठी हाउप्टशूलेच बरी, असं सांगितलं तेव्हा, सगळ्यांत मोठी शाळा मिळाली म्हणून गडी खुर्चीतून उठलाच. बाईंचा हात दोन्ही हातांत धरून त्याने गदागदा हलवला आणि सही ठोकून मोकळा झाला. बाईंना त्याची चूक कळली नसेल, असं मला तरी वाटत नाही.

"बाई आणखी काय म्हणाल्या गं?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

दहा वर्षांची शेनय बापाची दुभाषी. ती बुटाने खडे उडवत होती. "काही नाही, बाबा. अक्षर छान आहे म्हणाल्या."

"अक्षर! अगं, गणितात पहिली आहेस तू! आणि तो वरच्या मजल्यावरचा डेटलेफ कुठे चाललाय?"

"गिम्नाझियुमला."

"हात्तिच्या! तालमीत?" रिफत पोट धरून हसला. "काढ म्हणावं जोरबैठका! गणितात भोपळा मिळवल्यावर दुसरं काय होणार! तू डॉक्टर होणार, पोरी. गावी आजीचे गुडघे तूच बरे करायचेस."

शेनय हसली नाही. आनंदाच्या भरात त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कामावर गावाकडच्या लोकुम मिठाईचा डबा फिरवला. म्हातारा मुकादम क्र्योगर एक वडी उचलून म्हणाला, "कशाबद्दल रे?"

"पोरगी! हाउप्टशूले!"

क्र्योगरने वडी तोंडात घातली नाही. रिफतला समजेल अशा बेताने, एकेक शब्द सुटा करून तो सांगत गेला. गिम्नाझियुममधून डॉक्टर, वकील. मधल्या शाळेतून कारकून. "आणि हाउप्टशूलेतून..." त्याने रिफतच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं आणि वडी परत डब्यात ठेवली.

रिफत ओल्या गमबुटांनिशी शाळेकडे धावला. बाई फाटकाशीच भेटल्या, शेनयही तिथेच होती.

"कागद परत द्या म्हणावं!"

"कागद सकाळीच नव्या शाळेकडे गेले म्हणतात. सही तुमचीच आहे म्हणतात."

"पण पहिल्या आलेल्या पोरीला तिकडे का ढकललंत? विचार ना!"

बाई बराच वेळ शांतपणे बोलल्या. शेनय बुटाने खडे उडवू लागली.

"अगं बोल की!"

"मार्क चांगले आहेत म्हणतात. पण गिम्नाझियुमला घरी अभ्यास घेणारं कोणीतरी लागतं. मागे त्यांनी मला विचारलं होतं, घरी कोण घेतं." तिचा आवाज चिरकला. "मी खरं सांगितलं, बाबा. कोणी नाही म्हटलं."

रिफत तिच्याकडे वळला. "काल का नाही बोललीस मला?"

"तुम्ही इतके खूश होतात."

लाजेने त्याला बाईंकडे बघवेना. "सांग त्यांना," तो म्हणाला, "सांग की..." आणि पुढचं त्याला आपल्या भाषेतही सुचेना.

शेनय त्याच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली. पुढचं वाक्य तिला जर्मनमध्ये सांगायचं होतं.