कानातले

"...आणि ही जी वर्तुळाच्या पोटातून आरपार गेली, हा वर्तुळाचा—"

व्यास.

"—व्यास! लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतलं. मधला शब्द कुठून आला, याचा कुणाला पत्ता नाही. तो आला होता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कचेरीतून, पुठ्ठ्याच्या भिंती घातलेल्या एका खुराड्यातून, पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या ओठांतून. आणि पोचला होता फक्त बाईंच्या कानात.

या माणसाला सगळे कानातले म्हणत. ऑनलाइन शिकवणाऱ्या मास्तरांना आणि बाईंना तास चालू असताना सांभाळायचं, ही त्यांची नोकरी. माइक बंद राहिला, फळा दिसेनासा झाला, कुणाची मांजर कॅमेऱ्यापुढे येऊन बसली, की कानातले 'कानगोष्ट' नावाचं बटण दाबत आणि हळूच सांगत. त्याच्याच शेजारी 'सर्वांसाठी' नावाचं बटण होतं. त्याला ते शिवत नसत.

नाव भूमितीबाईंनीच ठेवलेलं. "अहो, बाईमाणसाच्या कानात काहीतरी हवंच. इतर बायकांचे कानातले चमकतात, माझे बोलतात, एवढंच."

घरी बायको म्हणे, "इथे विचारलं तर हूं नाही की चूं नाही. आणि तिकडे परक्या बायकांच्या कानाशी लागायचं दिवसभर! आणि वर त्याचा पगार!"

*

आता बाईंचा आजार.

बाई दवाखान्यातून परत आल्या तेव्हा कानातल्यांनी तासाआधी माइकची चाचणी घेतली. बाईंनी हातात खडू धरला आणि म्हणाल्या, "आवाज येतोय ना? हा माझा चमचा तयार आहे."

कानातले हसले. बाई हसल्या नाहीत.

"खडू म्हणायचं होतं मला," त्या जरा वेळानं म्हणाल्या. "डोक्यात खडूच असतो हो. तोंडापर्यंत येईस्तोवर वाटेत कुणीतरी बदलून टाकतं."

त्याच तासाला त्यांनी व्यासाला 'वर्तुळाचा नवरा' म्हटलं. मुलं पोट धरधरून हसली, त्यांना वाटलं बाई विनोद करताहेत. बाईही हसल्या. तास संपल्यावर मुलं गेली आणि बाई तशाच कॅमेऱ्यापुढे बसून राहिल्या.

"रजा घ्या ना थोडी," कानातले म्हणाले.

"रजा घेऊन बोलू कुणाशी? भिंतीशी? लेक लांब, तिचा फोन आठवड्यातून एकदा. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, बोललात तर टिकेल. हा वर्ग गेला ना, कानातले, तर आहेत ते शब्दही जातील. एकेक करून. मला दिसतंय ते."

त्या दिवसापासून कानातले शब्द पुरवू लागले. नियमात हे बसत नव्हतं. मदतनिसानं यंत्राबद्दल बोलावं, विषयाबद्दल नाही. शिवाय कानातले स्वतः शाळेत भूमितीत गचकलेले. बाईंच्या पुस्तकाचे फोटो मागवून त्यांनी शब्द घोकले. आंघोळ करताना जीवा, जेवताना त्रिज्या, झोपताना परीघ. बायकोनं विचारलं, "ही जीवा कोण?"

या कानाचं त्या कानाला कळलं नाही. मुलांच्या मात्र तक्रारी गेल्या होत्या आधीच. बाई अडखळतात, बाई थांबतात, बाई भलतंच बोलतात.

*

म्हणून आज तपासणी.

पडद्याच्या कोपऱ्यात तपासणीसबाईंची काळी चौकट. चेहरा नाही, आवाज नाही. त्या नुसतं ऐकणार आणि तासाच्या शेवटी सांगणार, बाई राहतात की जातात.

तपासणीस आत आला की पडद्यावर एक जादा चौकट उघडते आणि खालची सगळी बटणं एक घर डावीकडे सरकतात. 'कानगोष्ट'च्या जागी 'सर्वांसाठी' येतं. नव्या पोरांना कानातले स्वतः बजावत असत : "तपासणी असली की हातावर विश्वास ठेवायचा नाही. बघायचं, मग दाबायचं."

बघितलं, दाबलं : केंद्र.

"वर्तुळाचं केंद्र," बाई म्हणाल्या.

बघितलं, दाबलं : जीवा.

"ही जीवा. व्यासापेक्षा मोठी होऊ शकेल का ही? कधीच नाही. कितीही नाक वर केलं तरी!"

मुलं हसली. बाई रंगात आल्या होत्या. आवाज खणखणीत, आजारापूर्वीसारखा. कानातल्यांनी कपाळावरचा घाम पुसला. जमतंय. आज निभावतंय.

बाईंनी नवं वर्तुळ काढलं. हात लोण्यातून फिरावा तसा फिरला. हाताचं काहीच गेलं नव्हतं. मग बाहेरून एक सरळ रेघ आणली, वर्तुळाला जेमतेम टेकवली आणि तशीच पुढे नेली.

"बघा हिच्याकडे. ही आत शिरत नाही. एकदाच टेकते आणि आपल्या वाटेनं निघून जाते. हिला म्हणतात..."

"काका, सगळं ठीक?"

कानातल्यांच्या खांद्यामागे साहेब उभे. वयानं मुलासारखे, हुद्द्यानं बापासारखे.

"हिला म्हणतात..." बाई.

"तपासणी चाललीय ना? मी थांबतो इथेच," साहेब म्हणाले.

"हिला... हिला आपण..." बाईंचा हात रेघेवरच राहिला होता. "चा... चादर... नाही. नाही. हिला..."

बोलावं तर साहेब ऐकणार. न बोलावं तर बाई बुडणार. कानातल्यांनी मान वळवून सरळ साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. काय व्हायचं ते होऊ दे. आणि बोट खाली गेलं, रोजच्या जागी.

"स्पर्शिका, बाई. स्पर्शिका. घाबरू नका, मी आहे."

पडद्यावरच्या सगळ्या चौकटींत सगळ्या माना एकदम वर झाल्या.

*

"बाई, कोण बोललं?"

"बाई, तुमच्या घरात कुणीतरी आहे!"

"भूत, भूत!"

"गप रे. बाई, कोण आहेत ते?"

बाईंनी खडू खाली ठेवला, चष्मा काढून पदरानं पुसला. यंत्रात बिघाड आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. कानातले मनातल्या मनात विनवत होते, म्हणा बाई, बिघाड म्हणा.

"कुणी भूतबीत नाही," बाई म्हणाल्या. "ते... ते माझे..."

आणि थांबल्या.

"भाऊ?" एक मुलगी म्हणाली.

बाईंनी मान हलवली.

"मिस्टर?"

हशा.

"सर? डॉक्टर?"

"नाही रे. ते माझे..."

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्या मुलांकडे बघत नव्हत्या. कानातल्यांना ते कळलं. त्या शब्द मागत होत्या, रोज मागायच्या तसा. या खेपेला कानातल्यांनी नीट बघितलं. बोट 'कानगोष्ट'वर ठेवलं. दाबलं. तोंड उघडलं.

घोकलेले सगळे शब्द येऊन गेले. एकही हा नव्हता.

बाई वाट बघत राहिल्या. कानात नुसता श्वास ऐकू येत असणार त्यांना.

कोपऱ्यातली काळी चौकट मिटली. बटणं एक घर उजवीकडे सरकली.

साहेबांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"काका, काय केलंत हे? किती दिवस चाललंय?"

कानातल्यांची नजर पडद्यावरच होती.

"सोमवारपासून दुसऱ्या बाई. तुमचं मग बघू." साहेबांचा आवाज जरा खाली आला. "बंद करा तास. त्यांना मी कळवतो."

"तास संपायला अवकाश आहे."

"काका, काय करणार आहेत त्या आता? शब्द नाहीये त्यांच्याकडे."

पडद्यावर बाईंनी चष्मा घातला. वळल्या. वर्तुळाच्या दुसऱ्या अंगाला पट्टी लावली, सरळ आहे ना ते मान तिरकी करून पाहिलं, आणि न बोलता दुसरी रेघ ओढायला घेतली. मुलं जरा वेळ बघत राहिली. मग एकेकानं वहीत मान घातली.

कानातल्यांनी बटणावरचं बोट काढून घेतलं. खडूचा आवाज येत होता.