बाकीचं पाणी कुठे गेलं?

नेलिदाने पाचवी चिठ्ठी उंच धरली आणि चॅपेलच्या अंगणातली सगळी माणसं धडाधड गुडघ्यांवर आली.

"पाच गुरुवार, पाच चिठ्ठ्या, पाचही खऱ्या!" एवारिस्तो बाबा गरजले. "डोंगरावरून झोंडा वारा सुटणार की नाही, हे त्या वाऱ्याच्याही आधी मला कळतं. मग या बाईच्या छातीतली गाठ कळणार नाही? सुरी लावून घेऊ नकोस, मुली. माझ्या पाण्याने विरघळेल ती!"

नेलिदा माझी शेजारीण. आठ दिवसांनी, सोमवारी, मेंदोसाच्या इस्पितळात तिचं ऑपरेशन होतं.

"अगं, पण डॉक्टर म्हणाले..." मी पुटपुटलो.

"दॉन फेर्मिन, एवढी पुस्तकं वाचलीत. एकाने तरी तुम्हाला वारा सांगितला का?" नेलिदा म्हणाली.

मी मागे सरलो. माझी एक लाज होती. पहिल्या गुरुवारी बाबांनी आमच्या पाटावरच्या चौसष्ट घरांना बंद चिठ्ठ्या दिल्या होत्या: रविवारपर्यंत झोंडा सुटेल की नाही. कुणाला दाखवायची नाही, ही अट. माझ्या पहिल्या दोन खऱ्या ठरल्या, तिसरी खोटी. बाबा कानात म्हणाले, "तुझ्या मनातल्या शंकेने चिठ्ठी उलटली. बोललास तर घराला बाधेल." पुढे चिठ्ठी आलीच नाही. आणि मी ते खरं मानलं! शंकेची माझ्याकडे कधीच टंचाई नव्हती.

पण चाळीस वर्षं मी पाटकरी आहे. पाण्याची पाळी द्यायला प्रत्येक शेतावर जातो. त्या आठवड्यात बांधाबांधावर हळूच विचारलं, "तुमची चिठ्ठी कधी बंद झाली?"

म्हातारा रेमिहिओ पचकन थुंकला. "पहिल्याच आठवड्यात. कुणाला सांगू नका हो."

जो तो हेच म्हणाला: कुणाला सांगू नका.

रविवारी मी चॅपेलच्या अंगणात काठीने रेघ ओढली.

"हा आपला पाट. चौसष्ट घरं. इथे दोन फाटे. बत्तीस घरांना 'वारा सुटेल', बत्तीस घरांना 'सुटणार नाही'. खोटा ठरला तो फाटा बंद. उरलेल्या बत्तिसांचे पुन्हा दोन फाटे. मग सोळा, आठ, चार, दोन. शेवटच्या दोन शेतांतलं एक नेलिदाचं. वारा सुटो न सुटो, पाणी कुणाच्या तरी शेतात पोहोचणारच होतं."

बाबा हसले. "म्हातारा मातीत चित्रं काढतोय! खोटी चिठ्ठी मिळालेला कुणी असेल तर या की पुढे!"

कुणी हललं नाही. तिसऱ्या आठवड्याच्या बंद फाट्यावर मी जाऊन उभा राहिलो. "मी आहे."

रेमिहिओ शिवी हासडत पहिल्या फाट्यावर आला. "मी पण."

"तू?" त्याची बहीण किंचाळली. "आणि मला अश्रद्ध म्हणत होतास, मेल्या!" ती त्याच्याच शेजारी येऊन उभी राहिली.

कुणीतरी हसलं. बंद फाटे भरत गेले. टोकाला दोघंच उरली. बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

नेलिदा रेघांकडे बघत राहिली. "म्हणजे मला काही देवाने निवडलं नव्हतं."

"नाही."

ती पाठ फिरवून घरी गेली. सोमवारी पहाटे मी बसथांब्यावर गेलो, तर ती पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. "उभे काय राहिलात? बसा शेजारी. मला भीती वाटतेय."

बाबा आता पलीकडच्या खोऱ्यात चिठ्ठ्या वाटतात म्हणे. तिथवर जायचं माझ्या पायांत बळ नाही. म्हणून इथेच सांगतो. कुणी भिजलेलं एक शेत दाखवलं, तर गुडघे टेकण्याआधी सगळ्या पाटाचा नकाशा मागा. बाकीचं पाणी कुठे गेलं ते विचारा. आणि तुमचा फाटा कोरडा राहिला असेल, तर मोठ्याने सांगा. बाबांची सगळी जादू आमच्या गप्प बसण्यात होती.