डाव्या डोळ्याची बंदूक

डेलमार झाब्काच्या दुकानात बंदुका कमी आणि सल्ले जास्त मिळतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आर्डिथ ह्रूस्कानं शनिवारची गर्दी टाळली आणि आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी सकाळी गाडी काढली. पण दार ढकलून आत जाते तो काय, कॉफीच्या भांड्यापाशी तिचा धाकटा दीर मायलो आणि ट्रॅप क्लबातला सगळ्यात जुना नेमबाज लॅम्बर्ट कोलार आधीच पाय पसरून बसलेले.

आता परतणं बरं दिसलं नसतं.

"मला छर्ऱ्याची बंदूक घ्यायची आहे," ती डेलमारला म्हणाली. "एकच. ट्रॅप क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडता आल्या पाहिजेत, आणि घरी एकटी असताना वेळ आली तर तिथेही तीच चालली पाहिजे."

डेलमारनं तोंड उघडलं, पण त्याचा नंबर लागलाच नाही.

"आखूड नळीची घे," मायलो म्हणाला. "काळी, बारा बोरची. पुढे टॉर्च लावून देतो मी."

"तसल्या बंदुकीनं चकती फोडायची म्हणजे केरसुणीनं माशी मारायची," लॅम्बर्ट म्हणाला. "आर्डिथ, याचं ऐकू नकोस. एकावर एक दोन नळ्या असलेली घे, लांब. माझ्यासारखी."

"आणि ते लांबडं घेऊन ही घरातल्या बोळातून वळणार कशी? चोराला सांगेल, जरा थांबा हं, मला वळू द्या?"

"तुझी टॉर्चवाली बघून चोर हसून हसून मरेल, ते चालेल का?"

डेलमारनं निमूटपणे आर्डिथपुढे कॉफीचा कप सरकवला.

गेल्या शरद ऋतूत, मका काढायच्या दिवसांत, कुणीतरी तिच्या शेडचं कुलूप तोडून अवजारं नेली होती. अजून उजेड होता. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत फोन कानाला लावून उभी होती आणि दोन माणसं अगदी सावकाश, आपलीच वस्तू असल्यासारखी, करवती आणि जनरेटर गाडीत भरत होती. तालुक्याच्या त्या अर्ध्या भागात शेरीफचा एकच माणूस, आणि तो दुसऱ्या टोकाला एका अपघातावर गेलेला. तो पोचला तोवर तिचं जेवण होऊन भांडीही घासून झाली होती.

तेव्हापासून तिची मुलगी कोरीन आपल्या लिंकन शहरात आईसाठी घरं बघत होती. वडील, एमिल, गेल्यापासून आई गावापासून चार मैलांवर शेतात एकटी राहते हे तिला आधीपासूनच खुपत होतं. तिनं आपल्या घराजवळ दोन खोल्या हेरून ठेवल्या होत्या. लिफ्ट होती, खाली टपालाची पेटी होती. आर्डिथनं बंदुकीचं काढलं तेव्हा कोरीन फोनवर म्हणाली, "मी मेमध्ये येते. तू ती नीट हाताळतेस हे माझ्या डोळ्यांना दिसलं तर मी घर सोडायचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही तर तू सामान बांधायचं. आई एकटी, आणि वर घरात बंदूक, एवढी काळजी मला नाही झेपायची."

आर्डिथला यात वावगं काही वाटलं नाही. मुलगी रास्त बोलत होती. फक्त तिला ते घर सोडायचं नव्हतं. वारा अडवणारी देवदारांची रांग तिनं आणि एमिलनं गुडघाभर रोपं असताना लावली होती. आता ती छपराच्या वर गेली होती, आणि रोज सकाळी तिच्यात एक घुबड झोपायला यायचं.

क्लबाची एक रीत होती. नव्या माणसानं सगळ्यांच्या बंदुका चालवून पाहिल्याशिवाय स्वतःची घ्यायची नाही. तेव्हा क्लबाच्या दिवशी, गुरुवारी, आर्डिथ ओळीत उभी राहिली आणि जो तो आपापली बंदूक तिच्या हातात देऊ लागला. समोरच्या बुटक्या खोपटातून नारिंगी चकती सणसणत निघायची, ती नळी फिरवायची, चाप ओढायची, आणि चकती तशीच अखंड जाऊन गवतात निवांत पडायची.

"हिचा खांद्याला टेकायचा दस्ता लांब आहे, त्याला ती काय करणार," लॅम्बर्ट मायलोच्या बंदुकीकडे बोट दाखवून म्हणाला.

मग तिनं लॅम्बर्टची घेतली. चकती गेली.

"बघ! ही बंदूक नाही, विजेचा खांब आहे," मायलो खूश होऊन म्हणाला.

तिसऱ्याची बंदूक घेतली तेव्हा ते दोघं मिळून तिसऱ्याला हसले. संध्याकाळ संपेपर्यंत क्लबातल्या यच्चयावत बंदुकांची अब्रू गेली होती, आर्डिथचा उजवा खांदा काळानिळा पडला होता, आणि पंचवीस चकत्यांच्या पूर्ण फेरीत तिच्या हातून दोन चकत्या फुटल्या होत्या. त्यातली एक, तिला खात्री होती, चकत्या फेकणाऱ्या मशीनमधूनच तडकून निघाली होती. घरी जाताना तिला लिंकनमधल्या त्या लिफ्टचा आवाज ऐकू यायला लागला.

दोन दिवसांनी ती खिडकीपाशी घेवड्याचं बी निवडत बसली होती. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं तिनं बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. बी निवडताना भिंग घ्यायची सवय तेव्हाची. उजव्या हातात चिमटा. भिंग डोळ्याला लावलं. एक किडका दाणा बाजूला केला, आणि तिचा हात थांबला.

भिंग डाव्या डोळ्याला होतं.

ते नेहमी डाव्याच डोळ्याला असायचं. एका नळीच्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर त्यांना तसंच शिकवलं होतं: डावा डोळा भिंगावर, उजवा उघडा ठेवून कागदावर, उजव्या हातानं चित्र काढायचं. इतर मुलींना महिनाभर जमलं नव्हतं. तिला पहिल्याच दिवशी जमलं होतं आणि त्याचा तिला तेव्हा थोडा गर्वही झाला होता.

तिनं दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब केला आणि अंगठ्यानं दूरचा धान्य साठवायचा मनोरा झाकला. उजवा डोळा मिटला. मनोरा अंगठ्यामागेच. मग उजवा उघडून डावा मिटला, तर मनोरा टुणकन उडी मारून बाजूला उभा.

तिनं पुन्हा करून पाहिलं. मग अंगणात जाऊन पवनचक्कीवर करून पाहिलं. मग ती तिथेच एकटी मोठ्यानं हसली. बंदूक उजव्या खांद्याला आणि नेम धरणारा डोळा डावा! क्लबातल्या सगळ्या बंदुका बिचाऱ्या निर्दोष होत्या.

डेलमारच्या दुकानात ती गेली तेव्हा कॉफीपाशी तेच दोघं होते.

"मला डाव्या खांद्यावरून मारायचं आहे," तिनं जाहीर केलं.

"या वयात?" मायलो म्हणाला.

"तुला या वयात कॉम्प्युटर शिकवला मी. डेलमार, रिकामं काडतूस उजवीकडे उडणारी नको, ते माझ्या नाकासमोरून जाईल. सुरक्षेचा खटका उजव्या कुशीला असलेली नको. बारापेक्षा हलकी, वीस बोरची बघ, मला खांदा परत हवा आहे. आणि नळी बदलता आली पाहिजे."

"वीस बोर घरासाठी?" मायलो कळवळला.

"मायलो, माझ्या सोफ्यापासून दारापर्यंत किती अंतर आहे?"

मायलोनं डोळे मिटून विचार केला. "तसं... फार नाही."

"मग झालं तर."

डेलमार मागे गेला आणि एक जुनी पंपाची बंदूक घेऊन आला. हातानं पुढचा मुठा मागे ओढला की रिकामं काडतूस खालून पडायचं, ना डावीकडे ना उजवीकडे. खटका वरच, अंगठ्याखाली. आधीच्या मालकानं दस्ता थोडा कापून घेतला होता. डेलमारनं ती उघडून रिकामी असल्याचं दाखवलं आणि तिच्या हातात दिली. आर्डिथनं ती डाव्या खांद्याला लावून दुकानाच्या कोपऱ्यातल्या छताकडे पाहिलं. गाल दस्त्यावर टेकला, आणि नळीच्या टोकाचा मणी जिथे असायला हवा तिथे आपोआप होता. चष्म्याचा नंबर बरोबर लागला की होतं तसं.

"हिच्यासाठी आखूड नळीही आहे माझ्याकडे," डेलमार म्हणाला. "गुरुवारी लांब लाव, घरी आल्यावर आखूड. फिरकी सोडायची, काढायची, बसवायची."

"यात माझं म्हणणं आलं," लॅम्बर्ट म्हणाला.

"माझंही आलं," मायलो म्हणाला.

पुढचे आठवडे आर्डिथ स्वतःवरच हसत होती. डावा हात चाप विसरायचा, उजवा मुठा ओढायला विसरायचा. रोज सकाळी बंदूक रिकामी असल्याचं तपासून ती शंभरदा खांद्याला लावायची, उतरवायची. मग एका गुरुवारी समोरून सुटलेली चकती हवेतच काळ्या धुराचा पुंजका झाली, आणि तिच्या तोंडून अशी आरोळी निघाली की शेजारच्या शेतातल्या गाईंनी माना वर केल्या.

मेमध्ये क्लबाची बेकनची, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस बक्षीस असलेली, स्पर्धा होती. कोरीन त्याच सकाळी आली. खसखशीची कोलाची, म्हणजे गोड पाव, हातात घेऊन ती कुंपणामागे उभी राहिली. खाल्ली मात्र नाही.

आर्डिथची फेरी चालू होती. मध्येच मशीन अडकलं. ओळीतली माणसं जागच्या जागी गप्पा मारायला लागली. आर्डिथनं काही न बोलता मुठा मागे ओढला, काडतूस काढून खिशात टाकलं, आत पाहिलं, बोट घालून चाचपलं आणि नळी जमिनीकडे करून उभी राहिली. तिच्या शेजारी मायलो कुणाला तरी ट्रॅक्टरची गोष्ट सांगत वळला. त्याची बंदूक अजून उघडलेली नव्हती, काडतूस आतच होतं.

"मायलो," ती म्हणाली, आवाज न चढवता. "उघड ती."

"अगं, मी फक्त—"

"आधी उघड. मग बोल."

मायलोनं उघडली. लॅम्बर्टनं हळूच आपलीही पाहून घेतली. कोरीननं कोलाचीचा पहिला घास घेतला.

फेरी संपली तेव्हा आर्डिथचा आकडा चांगला होता, फार चांगला नव्हता. पण त्या फेरीचं बेकन सगळ्यात जास्त चकत्यांना नव्हे, चिठ्ठीत निघेल त्या आकड्याला मिळणार होतं, आणि चिठ्ठीत तिचाच आकडा निघाला. लॅम्बर्टच्या सगळ्या चकत्या फुटल्या होत्या आणि त्याला काहीच मिळालं नाही. यावर तो तावातावानं बोलत राहिला.

"बंदूक घरी कुठे असते?" गाडीकडे जाताना कोरीननं विचारलं.

"झोपायच्या खोलीत, भिंतीला ठोकलेल्या लोखंडी पेटीत. आकड्यांचं कुलूप. काडतुसं त्याच खोलीत, पण वेगळ्या पेटीत, आणि तिची किल्ली माझ्या अंगावर. पुन्हा कुणी आलं तर मी शेडकडे जाणार नाही. खोलीचं दार लावायचं, फोन करायचा, आतच थांबायचं. बंदूक ते दार फोडून अलीकडे येईल त्याच्यासाठी आहे."

"आणि करवती?"

"करवती नेऊ देत."

कोरीन चालता चालता थांबली. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मला वाटलं तू बंदूक घेऊन अंगणात धावशील."

"या गुडघ्यांनी?"

कोरीनला हसू आलं आणि त्याबरोबर थोडं रडूही. तिनं बेकन ठेवायला आपल्या गाडीचा मागचा दरवाजा उघडला. आत आईचं सामान बांधायला आणलेल्या, घडी घातलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा सुतळीनं बांधलेला भलामोठा गठ्ठा होता.

"दुकानात फुकट देत होते," कोरीन म्हणाली.

"चांगला जाड पुठ्ठा आहे," आर्डिथनं एक कोपरा दाबून पाहिला. "टोमॅटोच्या वाफ्यात अंथरू. गवत उगवत नाही. तू उद्यापर्यंत आहेस ना?"

"आहे," कोरीन म्हणाली आणि बेकन गठ्ठ्यावर ठेवून तिनं दरवाजा लावला.