बारा पावलांची रेघ

दुकानात तिला सगळे मास्तरीण म्हणत. खडूची खूण न करताही तिची कात्री कापडातून सरळ जायची. तिनं कापायचं आणि नवऱ्यानं शिवायचं, असा संसार वीस वर्षं सुरळीत चालला होता. मग हात चुकू लागला. एका बाहीचे दोन तुकडे झाले. चालताना झोक जाऊ लागला, बोलताना जीभ अडखळू लागली, आणि शेजाऱ्यांनी नाही नाही ते तर्क लढवले.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून कारण शोधलं. "पेशींना शक्ती तयार करायला एक को-एन्झाइम लागतं. तुमच्या शरीरात ते पुरेसं बनत नाही. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला या कमतरतेची फार झळ बसते. त्या को-एन्झाइमची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्या. फरक पडायला महिने लागतील. किती पडेल, ते आज सांगता येत नाही."

मास्तरणीनं स्वतःलाच अट घातली. रेघेवर ओळीनं बारा पावलं पडली, तरच कात्री हातात घ्यायची. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी नवरा फरशीवर खडूनं रेघ ओढायचा आणि ती चालायची. कात्री समोरच खिळ्याला टांगलेली. सासुरवाशिणीला माहेर आठवावं तशी तिला कात्री आठवायची, हातभर अंतरावर असूनही. कापड कापतानाच्या त्या आवाजासाठी तिचा जीव तुटायचा.

सहा महिने गेले. चार पावलं, पाच, फार तर सहा. आणि आज बारा!

"अहो, बारा झाली!"

"मोजली मी," तो म्हणाला. एरवी चिडवल्याशिवाय राहायचा नाही. आज मशीनच्या बॉबिनमध्ये दोरा भरत बसला.

तिनं कात्री उतरवली. अंगठा कडीत गेला आणि तिचे डोळे भरून आले. कटिंगच्या टेबलाशी उंच स्टुलावर टेकताना तिची नजर सहज फरशीवर गेली. रेघ पाचव्या पावलाशी डावीकडे कलली होती. आठव्याशी पुन्हा. जिथे रोज तिचा झोक जायचा, नेमकी तिथेच.

"मास्तरणीला वाकडी रेघ दाखवता होय?" तिचा आवाज चिरकला. "पाय बिघडलेत माझे. नजर नाही."

तो मान खाली घालून उठला. "तुझा बारा पावलांनंतरचा चेहरा बघायचा होता गं. एकदाच. राहवेना."

तिला राग आला आणि मायाही दाटून आली. तिचं प्रत्येक पाऊल या माणसानं पाठ केलं होतं. तिनं कात्री परत खिळ्याला लावली. ते करताना खिळा दोनदा हुकला.

"पट्टी आणा," ती म्हणाली. "रेघ सरळच मारा. वाकडं चालायला मी आहे."

त्यानं जुनी रेघ ओल्या फडक्यानं पुसली. तिनं खाली बसून दोन्ही तळव्यांनी पट्टी दाबून धरली आणि त्यानं खडू ओढला. मग ती भिंतीचा आधार सोडून चालली. या वेळी पावलं तिनं मोठ्यानं मोजली.

सात रेघेवर पडली.