गंगीचा तारपा थांबेना

गडावरच्या महालक्ष्मीची आण घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दात उद्या पडोत. हसताय काय? सरळ बसा नि ऐका.

तलासरीकडे आमच्या पाड्यावरचा अमृत शाळेत तारपा शिकवतो. तारपा म्हणजे वाळलेल्या दुधीचं फुंकायचं वाद्य. एकदा सुरू केलं की श्वास घ्यायलाही थांबायचं नाही, गालात हवा ठेवून नाकाने श्वास ओढायचा. अमृत वर्षभर पोरांच्या हातात तारपा देतच नाही. पपईचा पोकळ देठ देतो, पाण्याची बादली देतो नि म्हणतो, फुंका. बुडबुडे थांबले की परत पहिल्यापासून. माझी नात गंगी असे बुडबुडे काढायची की शेजारची बारकी विचारायला आली, "मावशी, एवढा भात कोणाला शिजवताय?"

शाळेच्या मोठ्या बाई जयश्रीबाई. त्या वैतागल्या.

"सर, पोरं बादलीतच बसतात. सूर कधी शिकवणार?"

"सूर दुधीत असतोच बाई. मी फक्त दम कसा धरायचा नि कोणाकडे बघायचं ते शिकवतो."

"मग बघाच. बोर्डीच्या स्पर्धेत नंबर आला नाही तर तारप्याचा तास बंद. कीबोर्ड मागवते."

अमृत पाड्यावर परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं. तो तास गेला तर त्याच्यामागे पाड्यावर फुंकणारं कोणी नाही, हे त्याला ठाऊक. पण शिकवणं तेच ठेवलं. वर्ष सरलं तशी गंगीच्या हाती तारपा दिला नि सांगितलं, "नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघ. ते थांबेपर्यंत दम सोडायचा नाही." नाचणाऱ्या पोरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं, "तारप्याला पाठ दाखवायची नाही. तो जाईल तिकडे जायचं, तो थांबेपर्यंत थांबायचं नाही."

आता यात चूक काय, सांगा. आम्ही पिढ्यान् पिढ्या असंच नाचलो.

बोर्डीला मैदानावर मांडव. नातीसाठी मीही गेलेली. गंगी स्टेजवर चढली, मागे पोरांची रांग, एकमेकांच्या कमरेला हात. नि तिने फुंकलं. अगं बाई, पहिल्या फुंकीला मांडवाच्या झालरी उभ्या राहिल्या. गोल फिरायला स्टेज पुरेना, म्हणून गंगी पायऱ्या उतरून खाली आली. रांग तिच्यामागे.

वेळ संपल्याची घंटा वाजली. गंगी थांबेना, पाय चाललेत ना. पोरं थांबेनात, तारपा वाजतोय ना.

अमृत हात हलवतोय, पण गंगी बघणार पायांकडे, हाताकडे कशाला बघेल? जयश्रीबाई धावल्या, शेवटच्या पोरीला कमरेला धरून ओढायला लागल्या. कमरेला हात लागला नि बाईंचेच पाय ठेक्यात पडले.

"सर, मला सोडवा."

"बाई, कोणी धरलंच नाही तुम्हाला."

रांग रस्त्यावर आली. डहाणूची एसटी थांबली, ड्रायव्हर उतरून रांगेत, कंडक्टर त्याच्या कमरेला. चिकूची गाडीवाली गाडी सोडून आली, परीक्षक कागद सोडून आले. रांग जी निघाली ती समुद्राच्या कडेने थेट धाकटी डहाणूला, अमृत नि मी मागून धावतोय. तिथे दोरीवर वाळत घातलेले बोंबील होते. ते सुकलेले बोंबील ठेक्यात डुलायला लागले, मी डोळ्यांनी बघितले. एक तर दोरी सोडून उतरला.

अमृत घाम पुसत माझ्याजवळ आला. "मावशी, पाड्यावर तर असं कधी होत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. "अरे, पाड्यावर रांगेत आम्ही म्हाताऱ्या असतो. आम्ही दमतो, मग नाच थांबतो. तू सगळी पोरंच उभी केलीस. पोरं कधी दमतात?"

मी पदर खोचला, धावत जाऊन रांगेच्या मधोमध घुसले, चार पावलं टाकली नि भर वाळूत बसकण मारली. कमरेला कंबर जोडलेली. सगळी रांग धपाधपा बसली. बाई बसल्या, कंडक्टर बसला. गंगीने पाय थांबलेले बघितले नि तारपा ओठावरून काढला. लाटांचा आवाज तेव्हा कुठे ऐकू आला.

"आजी, लवकर बसायचं ना," म्हणते कारटी.

नंबर कुठला येतोय, वेळ केव्हाच संपलेली. अमृत बाईंसमोर मान खाली घालून उभा. बाईंना धाप लागलेली, एका पायात चप्पल नाही, दुसरा पाय अजून ताल धरतोय.

"सर, तास चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "पण आधी थांबायला शिकवा."

"ते मला येत नाही बाई. ते या भिकीमावशीकडे आहे."

तेव्हापासून दर शनिवारी मी शाळेत जाते. पोरं फुंकतात, नाचतात, मी रांगेत दमते. बाई मला चहा देतात.

आता एक गोष्ट सांगून टाकते, दातांची काळजी वाटते म्हणून. मी काही ठरवून बसले नव्हते. चपलेचा अंगठा तुटला नि आपटले. बोंबील मात्र खरोखर उतरला होता.